आधी लहानसा डोंगर, मग मासा

ओटाकर माणूस वाईट नाही, असे त्याच्याविषयी सगळेच म्हणतात. ज्या माणसाविषयी हे वाक्य इतक्या वेळा म्हणावे लागते, त्याच्याबरोबर सुट्टीला जाऊ नये, असा नियम शासनाने करायला हवा. शासन तो करत नाही. त्यामुळे दर ऑगस्टला मी ओटाकरच्या गाडीत मागच्या बाजूला बसून चेक देशातल्या ओलोमोउत्सहून क्रोएशियाच्या समुद्राकडे जाते. शेजारी माझा नवरा राडिम असतो आणि पायाशी तळलेल्या मांसाच्या कापांचा डबा.

ओटाकर कवळ्या बनवतो. अर्ध्या ओलोमोउत्सच्या तोंडात त्याने घडवलेले दात आहेत, आणि कदाचित त्यामुळेच लोकांनी काय चावावे हे आपणच ठरवायचे, अशी त्याची समजूत झाली असावी. निघण्याच्या आदल्या दिवशी तो बायकोकडून, दागमारकडून, कापांचा डोंगर तळून घेतो. शिवाय गुलाशचे, म्हणजे मांसाच्या दाट रश्श्याचे, डबे, बटाटे, कांदे, आपल्याकडचा पाव. समुद्रकाठच्या गावात पोहोचल्यावर दररोज सायंकाळी तो आम्हांला बंदरावर फिरायला नेतो आणि प्रत्येक खानावळीबाहेरचा फलक मोठ्याने वाचतो. "कोळंबी लसणात परतलेली... वा! ऑक्टोपस, बटाट्यासह... हे बघा, बटाटा आपल्याकडेही आहे." सगळे फलक वाचून झाले की आम्ही भाड्याच्या खोलीवर परततो आणि गुलाशचा डबा उघडतो.

यंदा दागमारला साठ वर्षे पूर्ण होत होती. शाळेत ती माझ्या बाकावर बसायची. तेव्हापासून तिने कुणाकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. यंदा मात्र मागितले. वाढदिवसाच्या दिवशी दुपारी, समुद्रालगत, पांढरे कापड अंथरलेल्या टेबलाशी बसून तिला एक अख्खा मासा खायचा होता. खानावळीत जाऊन चौघांचे टेबल तिने स्वतः सांगून ठेवले. ओटाकर हो म्हणाला. हो म्हणताना तो इतका उदार दिसत होता की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्या सकाळी तो मोजे चढवून, त्यांवर सँडल घालून दारात उभा राहिला.

"आधी लहानसा डोंगर," तो म्हणाला, "मग मासा. भूक लागली की माशाला चव येते."

"अरे, आज तरी नको," दागमार म्हणाली.

"तुझ्याचसाठी म्हणतोय गं! साठाव्या वाढदिवसाला बायको शिखरावर! फोटो बघ कसला येईल. जेवायच्या आत परत."

लहानसा डोंगर म्हणजे वेलेबित. बंदरामागे तो भिंतीसारखा सरळ उठतो आणि त्याच्यावर दगडांखेरीज काही नाही. मी भूगोल शिकवते. म्हणून मी सांगितले की हा चुनखडीचा डोंगर आहे, पडलेला पाऊस तो गिळून टाकतो, वर झरा नाही की ओढा नाही. तेव्हा प्रत्येकाने दोन-दोन बाटल्या घ्याव्यात.

"आल्या शाळेच्या बाई!" ओटाकर राडिमला म्हणाला, मग माझ्याकडे वळला. "व्लास्ता, बाटल्या वाहून न्यायच्या कशाला? वर गेलं की गार बिअर पिऊ. डोंगर आहे म्हणजे वर खाण्यापिण्याची झोपडी असणारच."

राडिम हसला. राडिम नेहमीच हसतो; तेवढ्या एका गुणावर त्याने आयुष्य काढले आहे.

या बोलण्यावर परक्या माणसाचा विश्वास बसणार नाही. पण आमच्या देशात डोंगर म्हणजे बिअरकडे जाणारी चढण. आमच्या सर्वांत उंच डोंगराच्या माथ्यावर तर पोस्ट ऑफिस आहे. जिथे सूप, बिअर आणि शौचालय नाही, तो डोंगर आमच्या लेखी अपुरा राहिलेला असतो. म्हणून आम्ही एकच मोठी बाटली पाणी, राडिमची प्लमच्या दारूची कुपी आणि चौघांना पुरतील इतके काप घेऊन निघालो.

पहिल्या उंचवट्यावर ओटाकर म्हणाला, हा ओलांडला की शिखर. दुसऱ्यावरही तेच म्हणाला. तिसऱ्यावर दागमार थांबली आणि मागे वळली. खाली बंदर दिसत होते, आणि बंदरावर पांढऱ्या कापडांचे बारीक चौकोन.

"ओटा, मी खाली चाललेय."

"आता? अगं, आलंच की!"

"तुझं कायम आलेलंच असतं. टेबल सांगितलंय मी."

"टेबल काय पळून जाणारे?"

"टेबल नाही पळणार. मी पळतेय."

इथे ओटाकरविषयी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. त्याने पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. "घे, तुला उन्हातून उतरायचंय. आमचं काय, आम्ही वर पिऊ." हे त्याने मनापासून केले. मूर्खपणा आणि प्रेम या दोन्ही गोष्टी त्याच्याकडे एकाच पिशवीत असतात, त्यामुळे त्याला पुरत्या शिव्याही घालता येत नाहीत. मीही दागमारबरोबर निघाले होते, पण तिने मला अडवले.

"तू याच्याबरोबर राहा गं व्लास्ता. ऐकणार नाहीच तो. पण फोन करायला तरी कुणी हवं."

शिखरावर झोपडी नव्हती. वारा होता, आणि वर पोहोचणाऱ्यांनी आपापल्या वहीत उमटवायचा शिक्का ठेवलेली पत्र्याची एक पेटी होती. ओटाकर त्या माथ्याभोवती फिरला. मग मोठ्या खडकांच्या मागे डोकावून आला.

"काय शोधतोयस?" मी विचारले.

"पलीकडच्या अंगाला असेल."

"ओटा, इथे बकरीसुद्धा राहत नाही. बिअर कोण विकणार?"

"मग लोक इथं येतात कशाला?" तो म्हणाला. त्या प्रश्नात खोटेपणा मुळीच नव्हता.

पाणी नव्हते, तरी त्या दोघांनी खारट काप खाल्ले, आणि काप घशाखाली उतरेनात म्हणून कुपी रिकामी केली. राडिमने पेटीतला शिक्का ओटाकरच्या दंडावर उमटवला, तेव्हा दोघे शाळकरी पोरांसारखे हसले. उतरताना मात्र कुणी हसले नाही. ओटाकरच्या सँडलचा पट्टा तुटला, घोटा मुरगळला, आणि एका काटेरी झुडपाच्या वीतभर सावलीत तो बसून राहिला. त्याचा चेहरा त्याच्या प्लॅस्टरच्या साच्यांसारखा पांढरा पडला होता. मी फोन काढला.

"बचाव पथक नको!" तो म्हणाला. "व्लास्ता, मित्र म्हणून सांगतो. उद्या पेपरात येईल."

"आलं तर आलं."

"मग निदान चेक आहोत असं सांगू नको. स्लोव्हाक म्हण."

पथकातले दोघे आले. वयाने मोठा होता तो यूरे. त्याने आम्हांला पाणी दिले आणि ओटाकरच्या पायांकडे पाहिले.

"चेक?"

"स्लोव्हाक," ओटाकर म्हणाला.

"स्लोव्हाक बूट घालून येतात," यूरे घोट्याला पट्टी गुंडाळत म्हणाला. "वर बिअर शोधली का, काका?"

ओटाकर सँडलचा तुटलेला पट्टा परत खोचू लागला.

"दर उन्हाळ्यात शोधतात. आम्ही म्हणतोय, सरळ एक पिंप नेऊन ठेवावं वर. निदान हे लोक जिथे सापडायला हवेत तिथे तरी सापडतील."

पथकाच्या गाडीतून खाली येताना ओटाकर सारखे एकच म्हणत होता. दागमार रडून रडून अर्धी झाली असेल. खोलीत बसली असेल. वाढदिवस नासवला तिचा. पाणी पोटात गेल्यावर त्याला पश्चात्ताप होऊ लागला होता, आणि मी त्याची समजूत घातली नाही.

दागमार खोलीत नव्हती. ती बंदरावर, पांढरे कापड अंथरलेल्या टेबलाशी एकटी बसली होती. समोरच्या ताटात एका मोठ्या माशाचे डोके आणि नीट सोलून काढलेला काटा होता. उरलेल्या तीन जागांची ताटे तिने वाढप्याला परत न्यायला लावली होती. चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि ती सावकाश अंजीर सोलत होती.

ओटाकर लंगडत तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मला बचाव पथकाने आणलं," तो म्हणाला.

"दिसली गाडी."

"तू उठली नाहीस."

"मासा गरम होता." तिने त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले. "पाय मोडलाय?"

"मुरगळलाय."

"मग बस. उभं राहून काय होणारे."

तो बसला. राडिम आणि मीही बसलो, बसा असे आम्हांला कुणी म्हटले नसतानाही. ओटाकरने वाढप्याला बोलावले आणि, आमच्या पंचवीस वर्षांच्या सहलींत प्रथमच, फलक न वाचता मासा मागवला.

मासा आला. नाताळात आम्ही घरोघरी कार्प हा तळ्यातला मासा खातो, त्याला काटे फार. ओटाकरच्या घरी त्याच्या वाट्याचे काटे दागमार काढते, आणि मग तिचा स्वतःचा तुकडा गार होतो. हे मी इतक्या नाताळांत पाहिले आहे की त्याबद्दल आता चीडही येत नाही. त्याने सुरीने माशाला दोनदा टोचले, आणि बोलता बोलता ताट तिच्यापुढे सरकवले. त्यात हुकूम नव्हता. हात आपोआप गेला होता.

दागमारने ताटाकडे पाहिले. तिचा हातही उचलला गेला, हे मी स्पष्ट पाहिले. मग तिने तो हात ताटाच्या कडेला लावला आणि ताट त्याच्यापुढे परत ढकलले.

"डोक्याकडून सुरू कर," ती म्हणाली. "आणि सावकाश खा. घशात अडकेल."

मग ती वाढप्याकडे वळली आणि आणखी एक पेला वाइन मागवली.