अकराव्या मजल्यावरची पाणपोई

सिंगापुरात दॉ तिन न्योला पहिला धक्का दिला तो पाण्याने. विमानतळावर तिला तहान लागली. तिच्या लेकीने, युझनाने, काचेच्या कपाटातून एक बाटली काढली आणि तिचे पैसे मोजले. तिन न्यो बघतच राहिली. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने मासळी विकत घेतली होती, सरपण विकत घेतलं होतं, एकदा तर एका हवालदाराची मेहेरबानीही विकत घेतली होती. प्यायचं पाणी मात्र कधी विकत घ्यावं लागलं नव्हतं.

"आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने काय करायचं?"

"नळाचं प्यायचं, अमे. इथं नळाचं पाणी चांगलं असतं."

"मग तू हे कशाला घेतलंस?"

"पी आता गुपचूप," असं म्हणून तिने आईच्या हातात बाटली कोंबली.

तिन न्यो ब्रह्मदेशातल्या मोलमीनची. तिकडे तिच्या दारात, रस्त्याच्या कडेला, लाकडी घडवंचीवर दोन मडकी असायची. वर छोटंसं छप्पर, झाकणावर उपडा पेला. येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबावं, प्यावं, पुढे जावं. गल्लीत अशी मडकी दर चार घरांआड होती. मडक्यावर ठेवणाऱ्याचं नाव ठसठशीत रंगवलेलं असायचं. दान करायचं आणि नाव लिहायचं नाही, हे तिकडच्या माणसाला सुचतच नाही. पिणारा नाव वाचतो, "साधु, साधु, साधु" म्हणतो, आणि देणाऱ्याच्या पदरात पुण्य पडतं. नावच नसेल तर ते पुण्य बिचारं कुणाचं घर शोधत फिरणार?

पोटापाण्यासाठी ती मच्छरदाण्या शिवायची. तीस वर्षं शिवल्या. नवरा उ बा थॉ गेला आणि घर तिला खायला उठलं. युझना सिंगापुरात नर्स, जावई बोटीवर, आणि दीड वर्षाची नात पान्फ्यू पाळणाघरात रडून रडून घसा बसवून घेणारी. म्हणून तिन न्यो आली. तिला एक वर्ष राहायचा पास मिळाला होता, तो संपला की नवा करायचा. नातीला आता आजीशिवाय झोप येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर आजीलाही नातीशिवाय.

गाव बदललं की माणूस तुलना करतोच, पण तिन न्योची तुलना दिवसभर चालायची, आणि दर वेळी तिला नव्याने धक्का बसायचा. मोलमीनला उंबरठा ओलांडला की चार घरांतून विचारणा व्हायची, कुठे निघालीस, जेवलीस का, काय भाजी केलीस. इथे अकराव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत लिफ्टमध्ये सहा माणसं चढायची आणि सहाही जणं दाराच्या फटीकडे बघत उभी राहायची. समोरच्या घरातले म्हातारे क्वेक आजोबा लोखंडी जाळीचं दार जेमतेम हात जाईल इतकं उघडून वर्तमानपत्र आत ओढायचे. पहिल्या आठवड्यात तिने त्यांना हातवारे करून विचारलं, जेवलात का. ते दचकले आणि दार लावून घेतलं. तिला वाटलं, माणूस उपाशी असणार, म्हणून लाजला. संध्याकाळी तिने भात पाठवायचा घाट घातला, तेव्हा युझनाने कपाळावर हात मारला.

"अमे, इथं असं विचारत नाहीत गं."

"मग कळतं कसं, कोण जेवलं ते?"

"कळून काय करायचंय?"

हे ऐकून मात्र तिन न्यो खरोखर हबकली. आपल्या पोटच्या पोरीच्या तोंडून असला प्रश्न येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

एकदा दोघी बाजाराच्या खानावळीत गेल्या. भरदुपारची गर्दी, आणि पाच-सहा टेबलं चक्क रिकामी. प्रत्येकावर कागदी रुमालाचं एकेक पाकीट. युझना जेवण आणायला रांगेत गेली, आणि तिन न्योला गहिवरून आलं. इतके दिवस आपण या गावाला नावं ठेवली, आणि इथेही कुणी पुण्यवान बाई तोंड पुसायला रुमाल वाटून गेली आहे. तिने दोन पाकिटं उचलली, प्रत्येकाला "साधु" म्हटलं, तिसरं नातीच्या हातात दिलं आणि ऐसपैस बसली. थोड्या वेळाने ताटं घेऊन ऑफिसातल्या तीन मुली आल्या आणि तिच्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या. रुमाल म्हणजे जागा धरल्याची खूण, हे युझनाने कानात सांगितलं तेव्हा तिन न्योचे कान तापले. तिने पाकिटं परत केली. पान्फ्यूने तिसरं फाडून टाकलं होतं.

"पाकीट कुणी नेत नाही?" घरी जाताना तिने विचारलं.

"नाही."

"आणि पाकिटाच्या जागेवर कुणी बसतही नाही? म्हातारं माणूस आलं तरी?"

"अमे, चल ना."

चोर नाहीत आणि पाहुणेही नाहीत असं गाव तिने पहिल्यांदा पाहिलं.

तिला सगळ्यात खुपला तो झाडूवाला. शफीक नावाचा बांगलादेशी माणूस रोज सकाळी अकराही मजले झाडायचा. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, आणि दोन्ही बाजूंच्या बंद दारांआडून एक पेला पाणी येत नसे. डबे आणि पार्सलं पोचवणारे तर धावतच यायचे. तिन न्योने महिनोन्महिने पाहिलं, शेवटी एके दिवशी बाजारातून लोणच्याची मातीची बरणी आणली. दाराबाहेर स्टुलावर मांडली, खाली थेंब पडायला ताटली, वर पेला. रंग नव्हता, म्हणून लेकीच्या खणातलं लाल नेलपॉलिश घेतलं. ब्रह्मी अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं. पण हे तर इथे कुणाला वाचता येणार नाही. मग विजेच्या बिलावरून युझनाचं पूर्ण नाव आणि घराचा नंबर इंग्रजीत उतरवून काढला. एकही अक्षर कळत नव्हतं, पण मच्छरदाणीच्या काठावर वेलबुट्टी काढणाऱ्या हाताला त्याचं काय अवघड. पहिलं पुण्य लेकीला मिळावं म्हणून तिचं नाव वर घेतलं.

शफीक पहिल्यांदा प्यायला तेव्हा त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग दोन पेले घेतले आणि छातीला हात लावला. त्या दिवशी तिन न्योला मोलमीन सुटल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं. युझना पहाटे कामावर जायची, तिच्या येण्याच्या वेळेआधी बरणी आत यायची, स्टूल आणि ताटली तेवढी बाहेर राहायची. लेक नको म्हणणार हे आईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने विचारलंच नाही.

तीन आठवड्यांनी इमारतीखाली मोठा लाल फलक लागला. तिन न्योला वाटलं, कसला तरी सण असावा. शनिवारी युझनाला सुट्टी होती, पण रात्रपाळी करून ती झोपली होती. तिन न्योने नेहमीसारखी बरणी बाहेर मांडली. अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात गणवेशातला एक पोक्त तमिळ माणूस उभा होता, हातात टॉर्च. डेंग्यूची तपासणी; लाल फलक त्याचाच होता. युझना डोळे चोळत आली, आणि तिला बाहेर स्टुलावरची बरणी दिसली.

"हे कुणाचं?" त्याने इंग्रजीत विचारलं.

युझनाने बरणीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "आमचं नाही," ती म्हणाली.

तेवढं इंग्रजी तिन न्योला कळत होतं. तिला थोबाडीत बसल्यासारखं झालं. लेकीच्याच नावाने ठेवलेलं पाणी, आणि पोटची पोर म्हणते, आमचं नाही. खोटं बोलली याचं दुःख होतंच, पण ती न अडखळता बोलली, याने आई जास्त हादरली.

तपासनिसाने बरणी फिरवली. लाल अक्षरांतलं नाव त्याने सावकाश वाचलं, मग दारावरचा नंबर वाचला, मग पुन्हा बरणीवरचा.

"सव्वीस वर्षं झाली मला या कामात," तो युझनाला म्हणाला. "लोक कुंड्या लपवतात, बादल्या लपवतात. माझ्यासाठी नाव-पत्ता लिहून ठेवणारं हे पहिलंच घर."

युझनाने हे आईला सांगितलं, एकेक शब्द दातांखाली दाबत. "पाणी साठवायची बंदी आहे, अमे. डास होतात."

"डास मला शिकवतेस? जन्मभर मच्छरदाण्या शिवल्यात मी. रोज घासून भरते बरणी."

तपासनिसाने टॉर्च खाली, ताटलीवर धरली. थेंबथेंब साठलेल्या बोटभर पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. तिन न्यो खाली वाकली आणि तशीच राहिली. बरणी तिने रोज घासली होती. ताटली एकदाही नाही. शफीक चार दिवस आला नव्हता, त्याच्या जागी दुसराच माणूस झाडत होता. शफीक कुठे आहे हे कुणी विचारलं नव्हतं, तिनेही नाही. त्याला इथलाच डास चावला असेल तर?

"फोटो काढून नोटीस लिहावी लागेल," तपासनीस म्हणाला. "कागद माझ्या सोबतिणीकडे आहेत, खालच्या मजल्यावर. आलोच." तो गेला. आत पान्फ्यू उठून रडायला लागली, आणि युझना तिला घ्यायला धावली.

नाव लिहून नेणार, एवढंच तिन न्योच्या डोक्यात राहिलं. उ बा थॉ शाळेत कारकून होता. एका सकाळी दोन माणसं आली, वहीत त्याचं नाव लिहून घेऊन गेली. आठ दिवसांनी तो शाळेत नव्हता आणि घरातही नव्हता. सात महिन्यांनी आला तो अर्धा होऊन. सरकारी कागदावर नाव गेलं की नोकरी जाते, हे सांगायला तिला कुणाची गरज नव्हती. आणि युझनाचं नाव तिने स्वतःच्या हाताने, वरच्या ओळीत, लाल रंगात लिहून ठेवलं होतं.

तिने खणातून नेलपॉलिश पुसायची बाटली आणली आणि पदरासारखा खांद्यावर टाकलेला पंचा ओला करून वरची ओळ घासायला घेतली. अक्षरं फिसकटली, गुलाबी झाली, गेली. खालचं ब्रह्मी नाव तिने तसंच ठेवलं.

तपासनीस सोबतिणीला घेऊन आला तेव्हा तो उग्र वास सगळ्या व्हरांड्यात पसरला होता. त्याने ओल्या बरणीकडे पाहिलं, तिच्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं. मग उरलेल्या ओळीवर बोट ठेवून भुवया उंचावल्या.

"माय," तिन न्यो मोडक्या इंग्रजीत म्हणाली. छातीवर हात ठेवला. "ओन्ली माय."

तो तिच्याशी काहीतरी दोनदा बोलला, सावकाश, डोकं हलवत. तिला एक अक्षर कळलं नाही. ती आत जाऊन स्वतःचा पासपोर्ट आणि पास घेऊन आली आणि त्याच्या हातात ठेवला. त्याने आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं. तिन न्योने ते दार ओढून घेतलं. मग त्याने लिहिलं.

युझना पान्फ्यूला कडेवर घेऊन बाहेर आली तेव्हा ती दोघं लिफ्टमध्ये शिरली होती. तिने कागद वाचला. तिन न्यो जरा हसली. फार दिवसांनी तिला काहीतरी नीट जमलं होतं.

"तुझं नाव काढलं मी. तुझ्या नोकरीला आता धक्का नाही."

"माझ्या नोकरीला काय होणार होतं, अमे?" युझनाचा आवाज चिरका झाला. "इथं नाव लिहून नेलं की दंड भरायचा. भरला की संपलं. माणसाला कुणी नेत नाही."

"मग तू खोटं का बोललीस?"

"तुझ्यासाठी बोलले. पुढच्या महिन्यात तुझा पास नवा करायचाय. घरातून एकही तक्रार नको म्हणून. आणि तू जाऊन तुझंच नाव दिलंस."

तिन न्यो म्हणाली, "मला पण दंड भरता येईल की."

"भरू. पण पुढं ते पास देतील की नाही, मला नाही माहीत." युझनाने कागदाची घडी केली, पुन्हा उघडली. "मी इथली झालेय, अमे. तू नाहीस."

वर्षभरात या गावात एवढं तिला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. ना लिफ्टमधल्यांनी, ना क्वेक आजोबांनी, ना त्या रुमालवाल्या मुलींनी. पान्फ्यूने आजीकडे हात पसरले. तिन न्योच्या हातांना त्या औषधाचा वास येत होता, म्हणून तिने आधी ते साबणाने दोनदा धुतले, आणि मग नातीला घेतलं.