पाहणीला आलेली बाई

इथे आखातात हमरिया फ्री झोनमधली यांची कंपनी बंद पडली आणि तिच्याबरोबर कंपनीने दिलेला फ्लॅटही गेला. दुसरी नोकरी मिळाली, पण पगार निम्मा. आम्ही दोघं आणि लेक उम्म अल कुवैनला थोरल्या नणंदेच्या हॉलमध्ये राहायला आलो. तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल जाते म्हणतात, आम्हाला तर महिने झाले होते. नणंदेच्या मिस्टरांनी टीव्ही तेवढा आतल्या खोलीत नेला.

घर नसलेल्या कुटुंबांना भाड्यासाठी इथल्या धर्मादाय संस्थेची मदत मिळते, असं कुणीतरी सांगितलं. पैसे हातात देत नाहीत, घरमालकाच्या नावाने चेक काढतात. त्याआधी माणूस पाहणीला येतो. एका एजंटने आमच्यासाठी एका खोलीचा स्टुडिओ फ्लॅट धरून ठेवला होता. "भाभी, यल्ला, जल्दी करो, दूसरी पार्टी खडी है," असं तो रोज फोन करून सांगायचा.

पाहणीला बाई येणार म्हटल्यावर नणंदेने पडदे बदलले. आमच्या गाद्या, बॅगा आत ढकलल्या. आम्ही रत्नागिरीकडची माणसं, दारात आलेल्याला तसंच कसं पाठवायचं? मी सांदणं केली. खजूर, सरबत, वर चहा सोनेरी काठाच्या कपांतून. बाई अरब होत्या, पण हिंदी छान बोलायच्या. दोन सांदणं खाऊन "माशाल्ला, घर बहुत अच्छा है," म्हणाल्या आणि गेल्या.

अर्ज नामंजूर झाला. कारण दिलं होतं, कुटुंबाची राहण्याची सोय आहे. मला रडू यायला हवं होतं. मी कुकर लावला.

"आपल्याला गरिबीसुद्धा धड दाखवता येत नाही," हे म्हणाले. "परत कुणी आलं तर काही करू नकोस. नुसती बस."

तो स्टुडिओ गेला. एजंटने दुसरा दाखवला, आधीच्यापेक्षा अंधारा. आम्ही पुन्हा अर्ज केला आणि त्याच बाई पुन्हा आल्या. या वेळी गाद्या हॉलमध्येच होत्या, दोरीवर कपडे. बाई विचारत होत्या, मी उत्तरं देत होते. भर दुपारी उन्हातून आलेल्या, मध्येच त्यांना जोरात ठसका लागला. लेक उठली. मी तिचं मनगट धरलं.

"मम्मा, शी नीड्स वॉटर."

"बस खाली."

बाई खोकत खोकतच लिहीत राहिल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, त्याचं मला बरंच वाटलं.

मदत मंजूर झाली. मालकाला चेक गेला, आम्हाला किल्ली मिळाली. नणंद म्हणाली, "सुटलात बाई." मीही हसले. आनंद झाला नाही, लाज वाटली नाही, खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही.

लेकीचं मात्र वेगळं झालंय. आता कुणी घरी आलं की ती पाणी आणायला उठत नाही. आधी माझ्याकडे बघते.