अखाजीला उघडलेला माग

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माग राहायचा आणि मागच्या खोलीत आम्ही. नव्वदच्या दशकात सुरतेतले कारखानदार जुने माग भंगारात काढायला लागले, तेव्हा ह्यांनी त्यातला एक उचलून आणला. दुसऱ्याच्या कारखान्यात जन्म काढायचा नाही म्हणे. मला तर तो पाहूनच थकवा आला होता.

पांडेसऱ्याच्या कारखान्यातली पाळी संपवून आले की हे मागाखाली शिरायचे. मी बल्ब धरून उभी. पेचकसाचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून हे आवाज ऐकायचे, डॉक्टर झाले होते नुसते. झिजलेल्या दांड्यावर नवं बुश, म्हणजे त्यावर बसणारं धातूचं कडं, टिकायचं नाही. नव्या दांड्याची ऐपत नव्हती, म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दांड्याला गुंडाळायचा आणि त्यावर बुश ठोकायचं. ते घट्ट झालं की शेजारचं चाक खुळखुळायला लागायचं. ह्यांची बोटं आणि माझा खांदा, दोन्ही कामातून गेली.

एका वर्षी अखाजीला भाऊ मुराळी होऊन मला न्यायला आला. आमच्या खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, आई खापरावर मांडे भाजते. मागची दोन वर्षं माग उघडा पडला होता म्हणून मी गेले नव्हते. आई वाट बघून थकली होती.

"यवढं बुश बसाडी देस, मंग जाय," हे मागाखालून म्हणाले, म्हणजे बुश बसेपर्यंत मी थांबायचं. भाऊ बिचारा चहावर चहा पीत बसला. मी बल्ब धरला. मनात म्हटलं, मोडू दे एकदाचा हा मेला माग.

मोडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर लावली आणि तो असा चालला, की ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग ह्यांनी हात पुसले, कारखान्यातल्या पाळीला जायला जेवणाचा डबा उचलला.

"मनी पाळी शे. आते तू चालाड. बंद करू नको."

व्यापाऱ्याचं सूत मागावर चढलेलं होतं, कापड विणून द्यायचं होतं. माग सुरू झाला की तो चालवायलाही मीच लागणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रडूसुद्धा आलं नाही, इतकी दमले होते.

भुसावळच्या गाडीची वेळ झाली तसा भाऊ दारात उभा राहून काहीतरी बोलला. खडखडाटात ऐकू आलं नाही. आईला काय सांगू, असंच विचारलं असणार. मी मागाजवळूनच नाही अशी मान हलवली आणि तो एकटाच निघून गेला.