टेपकाकूंचं मशीन गेलं

टेपकाकू आठ वर्षांच्या असताना दाराआडून त्यांनी एक भांडण ऐकलं. वडील मामाला म्हणत होते, "घड्याळ तूच उचललंस. चोर आहेस, चोर!"

मामा म्हणाला, "दाजी, माझी झडती घ्या, पण तो शब्द मागे घ्या."

शब्द काही मागे आला नाही. मामा पायात चप्पल सरकवून गेला तो गेलाच. महिन्याभराने आई वडिलांच्या कोटाचा फाटका खिसा शिवायला बसली, तर घड्याळ अस्तरात पडलेलं. घड्याळ सापडलं, मामा नाही सापडला.

तेव्हापासून तो शब्द काकूंच्या तोंडी नाही. मोठेपणी त्यांनी शिवणकामाचं दुकान टाकलं. टेप सदा गळ्यात, म्हणून लोकांनी नावच टेपकाकू ठेवलं. खिशाला मात्र त्या दुहेरी शिलाई घालायच्या. गिऱ्हाईक हसलं की म्हणायच्या, "हसू नकोस. खिशाच्या भोकातून माणसं जातात."

दुकानाची किल्ली त्या घरी नेत नसत. संध्याकाळी कुलूप लावायचं आणि किल्ली शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या हातात द्यायची. तो उजाडताच येई. कामावर निघालेली माणसं काकू यायच्या आतच त्याच्याकडून आपले शिवून झालेले कपडे घेऊन जात. बावीस वर्षं असंच चाललेलं.

एका सोमवारी काकू आल्या तर इस्त्रीवाला दारात पांढराफटक पडून उभा. कुलूप धड, कडी धड, आणि आत मशीन नाही. फरशीवर मशीनच्या चार पायांचे ठसे आणि तेलाची बाटली, एवढंच.

"काकू, मी उघडलं तेव्हा असंच होतं. शपथ घेतो."

"शपथ कशाला? मी विचारलं का काही?"

विचारलं नाही हे खरं. पण मनात आलं, तेही खरं. शंकेचं टाचणीसारखं असतं. झटकली तरी बसायला जावं तिथेच टोचते.

ठाण्यात हवालदारांनी विचारलं, "काय झालं?"

"मशीन गेलं हो."

"गेलं म्हणजे? चालत गेलं?"

"पाय आहेत त्याला, पण लोखंडाचे."

"मग चोरी का?"

काकूंनी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली. "गेलं असंच लिहा ना."

हवालदारांनी लिहिलं, 'शिलाई मशीन गहाळ.'

मशीनचा विमा उतरवलेला होता, म्हणून तो कागद घेऊन काकू विम्याच्या कचेरीत गेल्या. टेबलामागची मुलगी म्हणाली, "आजी, गहाळ झाल्याचे पैसे मिळत नाहीत. चोरी असं लिहून आणा."

"अगं, दोन माणसांनी उचलायचं मशीन गहाळ कसं होईल? ती काय सुई आहे?"

"तेच मी विचारतेय. आणि कुलूप फुटलेलं नाही, तर किल्ली कोणाकडे होती तेही लागेल."

घरी सून म्हणाली, "आई, एक शब्द तर बोलायचाय! हातानं शिवून दिवस काढणार का? डोळ्यांना दोरा दिसतो का आता? आणि किल्ली त्याच्याकडेच होती ना?"

"होती," काकू म्हणाल्या, आणि ताट तसंच सारलं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा ठाण्यात. "साहेब, ते गहाळ खोडा. चोरी झाली."

"संशय कोणावर?"

"कोणावर नाही."

"किल्ली कोणाकडे होती?"

"इस्त्रीवाल्याकडे. मीच दिली होती, माझ्या हातानं. तेही लिहा."

"म्हणजे संशय त्याच्यावर."

"किल्ली लिहा म्हटलं मी. संशय लिहा म्हटलं का?"

"आजी, अशानं विमावाले अडवून धरतील."

"धरू देत."

काकूंनी कागद दोनदा वाचून घेतला, मगच सही केली.

विमावाल्यांनी खरंच अडवून धरलं. पोलिसांनी इस्त्रीवाल्याला एकदा ठाण्यात बोलावलं, दोन तास बसवून विचारलं आणि सोडलं. तीन आठवडे झाले, मशीनचा पत्ता नाही, विम्याचं उत्तर नाही. काकू रिकाम्या दुकानात दाराच्या उजेडाला बसून बटणं लावत होत्या. टोचणी अजून गेली नव्हती. संध्याकाळी इस्त्रीवाला मान खाली घालून म्हणाला, "काकू, किल्ली आता तुमच्याकडेच ठेवत जा."

काकूंनी केर काढला. तेलाची बाटली होती तिथेच ठेवली. कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

"निळा शर्ट झालाय. सकाळी माणूस येईल, देऊन टाक."