कुठल्या शहरात?

न्यायाधीश आत आले. सगळे उठले, सगळे वाकले. न्यायाधीशही वाकले. मी सगळ्यांपेक्षा जास्त वाकलो.

टोकियोचं कोर्ट. सरकारनं आम्हा नवरा-बायकोला निर्वासित म्हणून आसरा द्यायला नकार दिला होता. तो नकार बरोबर की चूक, हे इथं ठरायचं होतं. न्यायाधीशांनी जपानीत दोन ओळी वाचल्या, कागद मिटला आणि उठले. मला वाटलं, झालं काम. मी हात जोडले, पुन्हा वाकलो आणि म्हणालो, "अरिगातो गोझाइमास."

शेजारच्या ताईंनी माझी बाही ओढली.

"अहो, हरलात तुम्ही. थँक्यू कसलं म्हणताय?"

आणि हसल्या. समोरचे सरकारी वकील मान खाली घालून कागद आवरत होते. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

या ताई टोकियोतल्याच निशी-कसाईच्या, जिथं आपल्याकडची आयटीवाली माणसं राहतात. नवरा आयटीत, घर पुण्याचं. माझ्या वकिलांना मराठी येत नाही, म्हणून ताई दुभाषी म्हणून फुकट यायच्या. उपकारच. पहिल्या भेटीत त्यांनी माझं आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. मग टेबलावरची आपली पाण्याची बाटली उचलून पर्समध्ये टाकली. मी पाहिलं. पण गरज मला होती.

माझं घर बौद्धवाड्यात. बायको वरच्या आळीतली. एवढाच गुन्हा. तिच्या भावांनी भर बाजारात माझा पाय मोडला. पोलिसांनी तक्रार लिहिली नाही, उलट पोरगी परत करून टाक म्हणाले. आम्ही पुण्याला पळालो. भावांनी तिथली खोलीही शोधली. दार फोडलं तेव्हा आम्ही दोघं कामावर होतो, म्हणून वाचलो. मग मी स्वयंपाक्याच्या व्हिसावर इथं आलो, मागून तिला आणलं आणि व्हिसा संपत आला तेव्हा आसरा मागितला.

इथं न्यायाधीशही वाकतात, हे मला फार आवडलं होतं. माझा बाप जन्मभर ज्यांच्यापुढे वाकला, त्यांच्यातला एकही कधी त्याच्यासाठी वाकला नाही. मी भुललो.

स्टेशनवर ताईंनी निकालाची प्रत चाळून सांगितलं. कोर्ट म्हणतं, गावात धोका असेल तर भारतातच दुसऱ्या शहरात जाऊन राहा.

"खरं सांगू का, बरोबरच आहे. पुण्यात राहा ना. आमच्याकडे आता असलं काही राहिलेलं नाही."

ताईंचा कोथरूडचा फ्लॅट रिकामा पडलाय. चांगला भाडेकरू मिळत नाही, असं त्याच सकाळी सांगत होत्या.

मी म्हणालो, "ताई, तुमचा फ्लॅट आम्हाला भाड्यानं द्याल?"

त्या गाडी येते त्या बाजूला बघत राहिल्या. गाडी आली. त्या पुढच्या डब्यात जाऊन बसल्या.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "माझे भाऊ कुठल्या शहरात येणार नाहीत, ते सांगितलं का कोर्टानं?"

वरच्या कोर्टात अपील केलंय. तिथंही बहुतेक हेच होईल, असं वकील म्हणतात. मग परत पाठवतील. विमानतळाबाहेर कोण उभं असेल, ते आम्हाला माहीत आहे. माझ्या हातात काही नाही.

पण ताईंना कळवलं, यापुढे येऊ नका. दुसरं कुणी नाही मिळालं तर माझ्या मोडक्या जपानीत बोलेन. सगळे उठतील तेव्हा उठेन. वाकणार नाही. बोलू दिलं नाही तरी विचारेन, बाहेर काढलं तर दारातून विचारेन. कुठल्या शहरात? नाव सांगा.