लेकरू रडलं अन् शेवट राहिला

अशी जवळ सरक, निदान कागदावर तरी. फोनवर "कशी आहेस आजी" विचारतेस अन् माझं उत्तर संपायच्या आत ठेवून देतेस, ही काय रीत झाली? परवा म्हणालीस, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे ते जगावेगळे सिनेमे आता तुम्ही पोरं शोधून शोधून पाहता. तसला एक मी तेव्हाच वाशीमच्या टॉकीजात पाहिला. पाहिला म्हणजे, पाऊण.

मी, ताई अन् ताईचं मांडीवरचं लेकरू, अनसिंगहून एसटीनं दुपारच्या खेळाला गेलो. गाणं नाही, मारामारी नाही. एक बाई खिडकीत उभी राहते, उभीच राहते. पुरुषांच्या बाजूनं कोणी ओरडलं, "थकली असशीन बाई, बस आता." सगळे हसले. मी नाही हसले. माझा अकोल्याला डी.एड.ला नंबर लागला होता, अन् इकडे पाहुणे मला पाहून, पसंत करून गेले होते. पडद्यावरची बाई ट्रंक भरायला लागली तशी मी ताईच्या कानात म्हटलं, "हे बाई घर सोडून गेली ना, तं मीबी आजच बाबाले सांगीन, मले लगन नाई करायचं."

तेवढ्यात लेकरू रडलं. रडणारं लेकरू धाकटीनं बाहेर न्यायचं, हे आमच्यात सांगावं लागत नसे. मी त्याला घेऊन बाहेर पोस्टरखाली येरझारा घालत राहिले. खेळ सुटला.

"गेली का?"

"कुठची जाते? दारातूनच वापस आली. नवऱ्याले चहा करून देल्ला." ताईनं लेकरू घेतलं. "चाल, एसटी जाईन."

मी बाबांना काही बोलले नाही. लग्न झालं.

पुढं घरात टीव्ही आला अन् एका दुपारी तोच सिनेमा लागला. बाई स्टेशनवर गेली, गाडीत बसली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही तिनं. मी शेंगा सोलत होते, त्या तशाच राहिल्या.

ताईला विचारलं, तर म्हणे, "बाबानं मलेच सांगतलं होतं तुले समजवाले. अन् काहून, वाईट झालं का तुहं?"

वाईट नाही झालं. तुझे आजोबा चांगलेच होते. पण बाबा नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. ताईशी काय भांडणार? मनातलं सांगितलं होतं ते तिला एकटीलाच. तिनं बनवून सांगितलेला तो चहा मग जन्मभर मीच केला.

तर लवकर ये. तो सिनेमा सापडला तर फोनात घेऊन ये. तुझ्या बाळालाही आण, पण ते रडलं तर बाहेर तू जायचं. या खेपेला मी उठणार नाही.