सुरतपेक्षा स्वस्त

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. मैत्रिणीला लिहायला घेतलं होतं, पाठवायच्या आधीच डिलीट केलं. आता तुम्हाला सांगते — एका दमात, नाहीतर परत पुसून टाकेन.

माझी आत्या येवल्याला राहते. पुढच्या खोलीत पैठणीचा माग, मागच्या खोलीत सगळा संसार. तिकडे गल्लीत सगळ्यांचं असंच, त्याला कुणी धंदा म्हणत नाही. मी नाशिकला, नोकरी लॅपटॉपवरची, त्यामुळे आत्याच्या घराचा विमा काढायचं काम अर्थातच माझ्याकडे.

आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर तेव्हा काय चाललेलं माहितीये? सुरतच्या दादाने त्याच्या घराच्या विम्याचा हप्ता टाकला, बऱ्हाणपूरच्या ताईने तिचा. गुजरात सगळ्यात स्वस्त, मध्य प्रदेश थोडं वर, आणि आमचं येवला सगळ्यात महाग. दादा लगेच — "तुमच्या महाराष्ट्रात श्वास घ्यायला पण टॅक्स आहे का गं?" त्याच्यावर सगळ्यांचं हसणं. इतकं झोंबलं मला.

मग मी काय केलं... विम्याच्या साइटवर एक प्रश्न होता, घरात काही व्यवसाय चालतो का? मी आधी 'हो'च केलं होतं. खरंच. मग सहज 'नाही' करून बघितलं — हप्ता सुरतच्याही खाली. तसंच ठेवलं. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. दादाने नुसता अंगठा टाकला. दिवसभर हवेत होते मी.

पुढच्या उन्हाळ्यात मागावरच्या बल्बची वायर पेटली. माणसं वाचली. माग गेला, अर्धी विणलेली पैठणी गेली, छताचे पत्रे वाकले. कंपनीचा माणूस पाहणीला आला, जळक्या मागासमोर उभा राहिला आणि म्हणाला, इथे तर व्यवसाय चालतो, तुम्ही 'नाही' सांगितलंय, क्लेम मिळणार नाही. आत्याचे मिस्टर माझ्याकडे बघायला लागले. तिची सासूपण. 'ते मी केलं' — एवढंच तर म्हणायचं होतं ना? आणि तोंडातून आलं,

"मी आत्याला विचारलं होतं. तीच म्हणाली, नाही लिही."

घाबरले होते? हो. पण घाबरलेलं माणूस इतकं न अडखळता बोलतं का?

आत्या भिंतीवरची काजळी पुसत होती. तिचा हात थांबला. मला वाटलं, आता ही मला खोटं पाडणार.

"असेल बाई," ती म्हणाली. "मीच बोलले असेल. लय कामं होती तेव्हा, मला नाय आठवत."

आता ती दुसऱ्यांच्या मागावर मजुरीने बसते. सासू येताजाता ऐकवते, हिच्या अकलेपायी घरचा माग गेला. आत्या ऐकून घेते, कारण तिला ते खरंच वाटतं. परवा तर मलाच समजावत होती — तू मनाला लावून घेऊ नको, तू बिचारीने तर विचारलं होतंस.

नव्हतं विचारलं. मी तिला काहीच विचारलं नव्हतं.